वन्सं म्हणायचं नाही

वन्सं, मला सुतक नाही.

परवा एजवेअरहून गुरुजी आले होते. तुमच्या वॉटफर्डच्या घरात त्याच पांढऱ्या सोफ्यावर बसले, ज्यावर तुम्ही कुणाला चहाचा कप घेऊन बसू द्यायचा नाहीत. तुमचा भाऊ इल्फर्डहून आला होता, बरोबर त्याची बायको. इथं माणूस गेल्यावर क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळेपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात, मग सुतक माणूस गेल्याच्या दिवसापासून धरायचं की अग्नी दिल्यापासून, यावर गुरुजींचं आणि तुमच्या भावाचं बराच वेळ चाललं होतं. मी दारात उभी. मध्येच गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

"या कोण?"

"मंदा," तुमचा भाऊ म्हणाला. "इथंच राहते. शरयूताईबरोबर."

"हो, पण नात्यानं?"

त्याची बायको कार्पेटवरचा धागा बोटानं सारखा करायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "मी यांची आधीची."

गुरुजी भले आहेत. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं म्हणाले, "मग तुम्हाला सुतक नाही. तुम्ही स्वयंपाकघरात वावरायला काहीच हरकत नाही. बरंच झालं की."

बरंच झालं. म्हणून मी चहा केला, सगळ्यांना दिला, कप धुतले. तुमच्यासाठी विटाळायचासुद्धा मला हक्क नाही, वन्सं.

तुम्ही असतात तर हसला असतात. "नॉनसेन्स" म्हणून बिस्किटाचा डबा पुढं केला असतात. तुम्हाला ते जमायचं. हातात डिग्री असली की माणसाला रिवाज बाजूला ठेवता येतो. मी आटपाडीची, आठवीतनं शाळा सुटलेली. आई अंथरुणाला खिळली, घरात थोरली मी, झालं. माझ्याजवळ रिवाजाशिवाय दुसरं काय होतं? सून झाले, भावजय झाले, त्या नावांवर या देशात आले. तुमचा भाऊ मला सोडून गेला तेव्हा ती नावंही त्याच्याबरोबर गेली. मी एका बॅगेसह तुमच्या दारात आले, घाबरून आधी चपला कुठं काढू तेच विचारलं. तुम्ही नुकत्याच हॉस्पिटलमधून आला होतात, गळ्यात अजून ते ओळखपत्र. म्हणालात, "वरची मागची खोली तुझी. रेडिएटर जरा खडखडतो, लक्ष देऊ नकोस."

एवढंच. का आलीस, किती दिवस, काही नाही. त्या खडखडणाऱ्या रेडिएटरचे उपकार मी कुणाला कसे सांगू?

मग तुम्ही रिटायर झालात आणि डोक्यात ट्रक घेतलात. दक्षिण अमेरिका, तीही जमिनीवरून, प्रवाशांना ट्रकमधून फिरवणाऱ्या कंपनीबरोबर. "विमानातून काय दिसतं? ढग. ते वॉटफर्डातही दिसतात." तुमच्याबरोबर येणाऱ्या डॉक्टर मैत्रिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि तुम्ही माझ्याकडे वळलात.

"मला इंग्लिश धड येत नाही, तिथलं काय बोलणार मी?"

"तिथं इंग्लिश कुणालाच येत नाही. म्हणजे पहिल्यांदाच तू आणि इंग्रज सारखे."

"केअर होमच्या किचनमध्ये मला रजा देणार नाहीत."

"मी बोलते."

"मला तंबूत झोप येत नाही."

"कधी झोपलीस तंबूत?"

तुमच्याशी वादात मी कधी जिंकले नाही. फक्त एकदा जिंकले, आणि तेच आता खुपतंय.

लिमाला तो ट्रक पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, आपल्याला सामानात घालून नेणार. ऊस वाहायचा ट्रक असावा एवढा उंच, वर चढायला शिडी, आत समोरासमोर सीटा आणि निम्मे प्रवासी तुमच्या वयाचे. सगळ्यांनी आपापलं नाव सांगितलं. मी तुम्हाला सारखी "वन्सं, पाणी घ्या", "वन्सं, टोपी घाला" करत होते, त्यामुळे तुमचं नाव कुणी ऐकूनच घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळा ट्रक तुम्हाला "व्हॉन्सा" म्हणायला लागला. डर्मट, तो आयर्लंडचा रिटायर्ड पोस्टमन, म्हणाला, "लव्हली नेम, व्हॉन्सा. मीनिंग काय?"

तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, "मीनिंग? हर हज्बंड्स फॉल्ट."

सगळे हसले. मीही हसले. कळलं नव्हतं तरी हसले, माझी सवयच ती. तुम्ही किती वेळा रागावायचात, "कळलं नाही तर कळलं नाही म्हण! मान कशाला डोलावतेस?"

पेरूमध्ये मी बाजारात पेरू मागितले, आठवतं? पेरूच्या देशात पेरू नसणार तर कुठं? मी म्हणतेय "पेरू? पेरू?" आणि ती भाजीवाली छातीवर हात मारून अभिमानानं "पेरू! सी, पेरू!" करतेय. दोघी एकमेकींकडे बघून मान डोलावतोय. तुम्ही मागं उभ्या राहून डोळे पुसत होतात. आणि दुकानात गल्ल्यावरची बाई "पगार, पगार" म्हणाली तेव्हा मी तुमच्या कानात सांगितलं, "वन्सं, ही माझा पगार का विचारतेय?" त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणं. "बघ," तुम्ही म्हणालात, "तू अर्धी स्पॅनिश शिकूनच आलीयस." त्या एका वाक्यावर मी डोंगर चढले.

डोंगरात तुम्हाला दम लागायला लागला. लहान मुलांच्या छातीला नळी लावून ज्यांनी जन्म काढला, त्या तुम्ही ट्रकच्या शिडीवर मध्येच थांबायला लागलात. मी मागून श्वास ऐकत उभी असायची. कोकाच्या पानांचा चहा करून द्यायची, तुमच्या टाळूला तेल घासायची, ते खोबरेल तर तिथं दगडासारखं गोठलेलं. "मंदा, मी डॉक्टर आहे," तुम्ही म्हणायचात. "तू माझ्याकडे असं बघितलंस की मला पेशंट असल्यासारखं वाटतं." मी बघायचं थांबवलं नाही. माझं या परदेशात एकच माणूस होतं, ते धापा टाकत होतं. बघू नको तर काय करू?

मग ती सरहद्द आली. बोलिव्हियाचं पांढरं मिठाचं वाळवंट मागं टाकून आपण चिलीच्या चौकीवर उतरलो. वारा असा की उभं राहावत नव्हतं. तिथं फळं, बिया, काहीही आत नेऊ देत नाहीत. आपल्या दोघींची खाण्याची पिशवी एकच होती. त्या अधिकाऱ्यानं माझा गोड्या मसाल्याचा डबा उघडला, वास घेतला, शिंकला. बेसनाच्या पुडीत बोट घातलं. मला वाटलं आता तुरुंगच. त्यानं तुमच्याकडे बघून विचारलं, "फमिलिया?"

तेवढं मला कळलं. ते कुठल्याही भाषेत कळतं.

तुम्ही म्हणालात, "नो. अमिगास."

मैत्रिणी. तेही मला कळलं, वन्सं. कारण बाजारात मला शाल विकायला बघणारी प्रत्येक बाई "अमिगा, अमिगा" म्हणत मागं लागायची. त्या अधिकाऱ्यानं चिंच काढून घेतली, बेसन परत दिलं. तुम्ही खुशीत होतात. ट्रक सुरू झाल्यावर मी विचारलं, "मी घरची नाही का?"

"अगं, त्यानं सोपं विचारलं, मी सोपं सांगितलं."

"फॅमिली म्हणायला काय अवघड होतं?"

"कसली फॅमिली? भावाची सोडलेली बायको, हे त्या पोलिसाला स्पॅनिशमध्ये सांगत बसू?"

तुम्ही लगेच जीभ चावलीत. मी खिडकीकडे तोंड केलं. तुम्ही माझा हात ओढलात.

"मंदा, ऐक. वन्सं म्हणजे काय? नवऱ्याची बहीण. नवरा कुठाय? मग त्याच्यावरून मला का ओळखतेस तू? हे कधीपासून सांगायचंय मला. आजपासून वन्सं म्हणायचं नाही. शरयू म्हण."

"जीभ झडेल माझी."

"काही झडत नाही. एवढी वर्षं प्रॅक्टिस केली, एकाचीही झडलेली पाहिली नाही."

"मैत्रीण आज आहे, उद्या नाही," मी म्हटलं. "नणंद मेल्याशिवाय सुटत नाही."

"तेच तर! सुटता येत नाही म्हणून राहायचं, यात काय आलंय? सुटता येत असूनही राहिलीस, असं मला हवंय."

आता ते वाक्य मी रोज घोळवते. तेव्हा त्यातलं "सुटता येत" एवढंच माझ्या कानात शिरलं. एकदा एका माणसानं दारात उभं राहून, अगदी शांतपणे, आता तू मोकळी आहेस असं सांगितलं होतं. पुन्हा तेच ऐकतेय असं वाटलं. तुम्ही मला उंबऱ्याच्या आत ओढत होतात आणि मी समजले, बाहेर काढताय.

अटाकामाचं वाळवंट मी नीट बघितलंच नाही. लोक त्यासाठी जन्मभर पैसे साठवतात. आमच्या आटपाडीकडं पाऊस नाही म्हणतात, तरी बाभळ असते, शेळी असते, शेळीमागं पोर असतं. तिथं काहीच नव्हतं. तांबड्या दगडामागं तांबडा दगड, वर निळं आभाळ, आणि ट्रकमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या, न बोलणाऱ्या आपण दोघी. त्यातच आपली स्वयंपाकाची पाळी आली. ट्रकमधल्या सगळ्यांसाठी पिठलं-भात. मी कांदा चिरतेय, तुम्ही बेसन कालवताय, मध्ये डर्मट.

"डर्मट," तुम्ही म्हणालात, "टेल हर, गुठळ्या होतायत."

"मँडा, गुटल्या होटायट," तो बिचारा म्हणाला.

"टेल व्हॉन्सा, पाणी जास्ती," मी म्हटलं.

"व्हॉन्सा, पानी जास्टी. लेडीज, यू आर टू फीट अपार्ट."

"डर्मट, टेल हर, पिठल्यात पाणी किती घालायचं ते मला तिनंच शिकवलंय."

त्यानं ते सांगायचा प्रयत्न केला आणि सगळी शब्दांची माळ तुटली. तुम्हाला हसू आलं. मलाही आलं होतं, पण मी ते कांद्यावर ढकललं आणि डोळे पुसत बसले. त्या वेळी हसले असते तर तिथंच मिटलं असतं. तुमचं हसणं हवेत तसंच राहिलं. तुम्ही कालथा खाली ठेवलात आणि तंबूकडे गेलात. तुमची पाठ मला अजून दिसते. निळं जॅकेट, एका खांद्यात जरा वाकलेली.

हा आपला वाद मी जिंकले. तुम्ही पुन्हा "शरयू म्हण" म्हणाला नाहीत. मी "वन्सं"च म्हणत राहिले आणि तुम्ही ओ देत राहिलात.

अँडीज उतरून अर्जेंटिना ओलांडताना हळूहळू बोलणं सुरू झालं, पण कामाचं. टॉवेल वाळला का, गोळी घेतली का. हवा दमट होत गेली, माती लाल झाली, झाडं आली. आणि शेवटी इग्वासूचा तो धबधबा. नदीवरून लोखंडी जाळीच्या वाटेनं चालत जायचं, खाली पाणी, दोन्हीकडे पाणी, आणि टोकाला जमीनच संपते. सगळी नदी त्या खड्ड्यात पडते. तो आवाज मी कुणाला सांगू? आवाज नव्हताच तो. अंगावर कुणीतरी उभं होतं. माझ्या दातांत तो वाजत होता. पावसासारखे तुषार खालून वर येत होते. मी कठड्याला घट्ट धरलं, डोळे मिटले, उघडले. तुम्ही शेजारी होतात. केस चिकटलेले, चष्म्यावर पाणी, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला असं लहान मुलीसारखं पाहिलं नव्हतं.

तुम्ही माझं मनगट धरलंत. माझ्या कानाजवळ वाकलात आणि काहीतरी विचारलंत.

विचारलंत, हे नक्की. तुमच्या भुवया वर गेल्या होत्या आणि तुम्ही उत्तराची वाट बघत होतात. एक शब्दही मला ऐकू आला नाही.

मी मान डोलावली. हो.

तुमचा चेहरा असा काही झाला, वन्सं. तुम्ही चष्मा काढलात, पुसायला कोरडं काही नव्हतं, तसाच परत घातलात. माझं मनगट सोडलं नाहीत. परतीची सगळी वाट आपण तशाच चाललो, अरुंद जाळीवरून, लोकांना वाट देत, एकमेकींना धडकत. त्या संध्याकाळी तुम्ही डर्मटला ट्रकमध्ये "गुठळ्या" नीट म्हणायला शिकवत होतात. कित्येक दिवसांनी तुमचा आवाज मोठा झाला होता.

मी विचारायला हवं होतं. तिथल्या तिथं, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं." तुम्ही हेच तर शिकवत होतात मला. पण तो चेहरा बघितल्यावर धीर होईना. मी न ऐकताच हो म्हटलं, हे कळलं तर तो उतरेल असं वाटलं. आणि आणखी एक भीती होती. तुम्ही विचारलं असेल, "आता तुझी तू राहशील ना?" त्याला मी हो म्हटलं असेल, तर मला ते ऐकायचंच नव्हतं.

घरी आल्यावर मी वाट बघत राहिले. तुम्ही मला खोली शोधायला सांगाल. भारताचं तिकीट काढाल. काहीच झालं नाही. तुम्ही बागेत टोमॅटो लावलेत, मला गाडी शिकवायला घेतलीत, राउंडअबाउटवर माझ्यापेक्षा जोरात ओरडलात. कधी वाटायचं, तुम्ही विचारलं असेल, "राहशील ना माझ्याजवळ?" कधी वाटायचं, "माफ केलंस ना?" आणि कधी भांडी घासता घासता वाटायचं, अगं वेडे, त्या म्हणाल्या असतील, "भिजलीस का?"

तेही चाललं असतं मला. फक्त कळायला हवं होतं.

मग तुमचं दुखणं निघालं आणि सगळं भराभर झालं. वॉर्डमध्ये मी रोज ठरवून यायचे, आज विचारायचं. रोज कुणीतरी असायचं. तुमचे जुने सहकारी, मंडळातल्या बायका, नर्सेस. त्या शेवटच्या बऱ्या दुपारी मात्र आपण दोघीच होतो. मी संत्रं सोलत होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "मंदा, बाथरूमची खिडकी लावलीस का? बॉयलर उगाच चालतो."

"लावली," मी म्हटलं.

"शहाणी आहेस."

मी संत्र्याची फोड तुमच्या ओठांना लावली. रस नुसता चाखलात. मग तुम्हाला डोळा लागला, आणि मला वाटलं, उद्या विचारू.

आज सकाळी तुमच्या भावाचा फोन आला. त्याला शब्द सापडत नव्हते. "मंदा, फ्युनरल डायरेक्टरकडे साडी नेसवायची आहे. हिला भीती वाटते. आणि ताईला दुसऱ्या कुणी हात लावलेला... तू जाशील?" सुतक नसलेल्या बाईनं हे करावं की नाही, मी गुरुजींना विचारलं नाही. बसनं गेले. तुम्ही जन्मभर पँट घातलीत, तरी कपाटात ती एक हिरवी इरकल होतीच, तीच नेली.

तिथल्या मुलीनं मदत केली. तुम्हाला कुशीवर वळवायचं कसं ते तिला ठाऊक होतं, निऱ्या कशा घालायच्या ते मला. मी इंग्लिशमध्ये "स्लोली, स्लोली" म्हणत होते आणि ती "ऑफ कोर्स, लव्ह" म्हणत होती. पदर सारखा केला. केस विंचरले, तुमचा भांग उजवीकडे असतो ते तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, थोडा वेळ एकटीला हवाय का, आणि दार ओढून गेली.

खोलीला खिडकी नव्हती. घड्याळ नव्हतं. जाड कार्पेट, बाहेरच्या रस्त्याचा काही आवाज नाही. मी तुमचं मनगट धरलं, ते गार होतं. तुमच्या कानाजवळ वाकले आणि विचारलं, "काय म्हणाला होतात?"

मग वाट बघत उभी राहिले. इतकं शांत होतं तिथं, वन्सं. तुम्ही नुसते ओठ हलवले असतेत, तरी मला ऐकू आलं असतं.